काळ्या पट्ट्यांखालचा आमचा करार

स्टीलच्या सात डब्यांच्या संचाचं वजन सहा पौंड. आमच्या गोदामातून तो १४ बाय १४ बाय १२ इंचांच्या खोक्यात जायचा आणि टपालाचं बिल यायचं १५ पौंडांचं. अमेरिकेच्या टपाल सेवेचा तेव्हाचा हिशोब असा: खोका एक घनफुटापेक्षा, म्हणजे १७२८ घनइंचांपेक्षा मोठा असेल, तर लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करून त्याला १६६ ने भागायचं. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असला तर तेच वजन धरायचं. आमचा खोका २३५२ घनइंचांचा. भागाकार येतो १४.१७, आणि तो वरच्या पूर्णांकाला नेला की १५. डब्यांतल्या पोकळीचं भाडं आम्ही कित्येक वर्षं भरत होतो.

न्यू जर्सीत एडिसनजवळ आमचं गोदाम आहे. मसाले, पोहे, भाजणी, पापड आणि स्टीलची भांडी आम्ही अमेरिकाभर पाठवतो. रोजची साधारण नऊशे पार्सलं, आणि दिवाळीआधीच्या तीन आठवड्यांत अडीच हजारांपर्यंत. मालक मूळचे सांगलीचे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. मी सहा वर्षांपासून पार्सलांचं काम बघते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अण्णांनी वर्षभराची बिलं माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "मार्केट यार्डात पोतं घेणाऱ्याला एक भाव आणि पावशेर घेणाऱ्याला दुसरा. आपण यांना रोज गाडीभर माल देतो, मग आपला भाव वेगळा का नाही? विचारून बघ."

विचारलं. असा वेगळा भाव मिळतो. त्याला 'निगोशिएटेड सर्व्हिस अ‍ॅग्रीमेंट' म्हणतात, बोलताना एनएसए. गिऱ्हाईक किती पार्सलं देणार आणि टपाल सेवा कोणत्या दराने ती नेणार, हे दोघांनी मिळून लिहून काढायचं. पण दोघांच्या सह्यांनी ते लागू होत नाही. वॉशिंग्टनमध्ये पोस्टल रेग्युलेटरी कमिशन नावाची वेगळी, स्वतंत्र संस्था आहे. तिने हो म्हटल्याशिवाय ठरलेला दर कागदावरच राहतो. दोन्ही पक्ष राजी असताना या तिसऱ्याची परवानगी कशाला, असं मला तेव्हा वाटलं, आणि मी ते अण्णांना बोलूनही दाखवलं. पुढे सहा महिन्यांत माझं मत पुरतं बदललं.

पहिलं काम आकड्यांचं. टपाल सेवेच्या विक्री प्रतिनिधीने मागच्या बारा महिन्यांतल्या प्रत्येक पार्सलाची नोंद मागितली: वजन किती, मापं काय, कुठल्या झोनला गेलं, कोणत्या सेवेने गेलं. झोन म्हणजे अंतराचे टप्पे, १ ते ९. तीन लाखांच्या आसपास ओळींचा तक्ता झाला. आमचं बरंच गिऱ्हाईक टेक्सास आणि कॅलिफोर्नियाचं आहे, हे मला अंदाजाने माहीत होतं, पण किती पैसा नुसत्या अंतरात जातो ते तक्त्यात पहिल्यांदा दिसलं. तुमचं पार्सल टपाल सेवेला केवढ्याला पडतं हे वजन, माप आणि अंतर यांवर ठरतं. दर त्या खर्चाच्या वर असायलाच हवा. म्हणून हा तक्ता म्हणजे सगळ्या कराराचा पाया. तो कच्चा राहिला तर वरचं सगळं डगमगतं. आमचा तक्ता कच्चा होता, आणि चूक माझी होती. ती सविस्तर सांगते, म्हणजे या वाटेने जाणाऱ्या दुसऱ्या कुणाचे दोन आठवडे वाचतील.

जुलै २०२३ पासून टपाल सेवेची 'ग्राउंड अ‍ॅडव्हान्टेज' नावाची सेवा सुरू झाली आहे. तिच्यात व्यापारी गिऱ्हाइकांना घनफळावर दर मिळतो: खोका एक घनफुटापर्यंत आणि वजन २० पौंडांपर्यंत असेल तर वजन न बघता आकारमानावर पैसे. आम्ही ठरवलं, डब्यांचा संच १२ इंची चौकोनी खोक्यात बसवायचा. बारा गुणिले बारा गुणिले बारा म्हणजे बरोबर १७२८. एक घनफुटाच्या वर एक इंचही नाही. आणि वजन मोजणारच नसतील तर डबे रिकामे कशाला पाठवायचे? गिऱ्हाइकाने सोबत मागवलेली हळद, धणे, गोडा मसाला यांची पाकिटं डब्यांतच भरायची. पॅकिंगच्या बायकांनी हे दोन दिवसांत इतकं छान बसवलं की आम्हाला आधी का सुचलं नाही, याची हळहळ वाटली.

नव्या खोक्याची मापं मी खोकी पुरवणाऱ्याच्या यादीतून उचलली आणि १२ बाय १२ बाय १२ असं लिहून तक्ता पाठवून दिला. आठवड्याने प्रतिनिधीकडून एका ओळीचा प्रश्न आला: ही मापं खोक्याच्या बाहेरून घेतलेली आहेत ना?

नव्हती. खोकी विकणारे आतलं माप सांगतात, कारण आत काय मावेल हे गिऱ्हाइकाला हवं असतं. टपाल सेवा बाहेरून मोजते. स्टीलसाठी आम्ही दुहेरी पुठ्ठ्याचा खोका वापरतो. आमच्या पॅकिंगच्या मुकादम बाई डॉमिनिकन रिपब्लिकच्या आहेत. त्यांनी टेप लावून मोजलं, तर प्रत्येक बाजू साडेबारा इंच भरली. टपाल सेवेच्या तेव्हाच्या नियमाने माप जवळच्या पूर्ण इंचाला न्यायचं, आणि अर्धा इंच असेल तर वर. म्हणजे साडेबाराचे झाले तेरा. तेरा गुणिले तेरा गुणिले तेरा, २१९७. घनफळाचा दर गेला. पुन्हा १६६ ने भागाकार, आणि १४ पौंडांचं बिल. चौदा इंची खोक्यातून जे १५ पौंडांना जात होतं ते आता १४ पौंडांना गेलं असतं, आणि लेबल बनवताना चुकीचं माप दिल्याबद्दल प्रत्येक खोक्यामागे दीड डॉलरचा आकार वेगळा. अण्णांना सांगायला गेले तेव्हा माझा आवाज बसला होता. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "सगळी खोकी मोजून काढ, एक सोडू नकोस."

आम्ही अठरा प्रकारची खोकी भरून, टेप लावून, फुगवट्यासकट मोजली. डब्यांसाठी आतून सव्वाअकरा इंचांचा खोका मागवला. बाहेरून तो पावणेबारा भरतो, म्हणजे बारा. संचातला सर्वांत मोठा डबा त्यात जेमतेम बसतो. तक्ता नव्याने केला. आज कुणी मला या सगळ्या प्रक्रियेबद्दल एकच गोष्ट विचारली, तर मी म्हणेन, वकिलाकडे जाण्याआधी टेप घेऊन गोदामात जा.

मे महिन्यात दरांचा मसुदा आला. भावतावाचा भाग मी इथे लिहू शकत नाही, तो करारानेच गोपनीय आहे. इतकं सांगते, की आम्ही वर्षाला किमान किती पार्सलं देऊ हे आम्हाला छातीठोकपणे सांगावं लागलं, आणि दिवाळीच्या जोरावर वर्षभराचे आकडे फुगवण्याचा मोह आवरावा लागला. अण्णांनी स्वतःच आकडा खाली आणला. "बोललो तेवढं देता आलं पाहिजे," एवढंच त्यांचं म्हणणं.

करार हातात आला तेव्हा मी तो घरी नेऊन दोनदा वाचला. मला थबकवलं ते दरांच्या तक्त्याने नाही, मागच्या कलमांनी. एकात लिहिलं होतं की आवश्यक त्या सगळ्या मान्यता मिळेपर्यंत कुणावरही कसलंही बंधन नाही, आणि मान्यता मिळाली नाही तर कुणीही कुणाला भरपाई मागायची नाही. दुसऱ्यात, की कमिशन ज्या दिवशी मान्यता देईल त्यानंतर कामाच्या दोन दिवसांनी करार लागू होईल आणि तीन वर्षं चालेल. तिसरं कलम मी अण्णांना मराठीत समजावून सांगितलं: हा करार आणि त्यामागचे कागद कमिशनपुढे दाखल होतील, त्यातलं काय उघड करायचं आणि काय झाकायचं हे टपाल सेवा ठरवेल, आणि जे झाकलेलं नसेल ते कमिशनच्या संकेतस्थळावर जगातल्या कुणालाही वाचता येईल.

"म्हणजे आपला भाव चव्हाट्यावर?" अण्णांनी विचारलं. भाव झाकतात, नावही झाकतात, मी सांगितलं. बाकी सगळं दिसतं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि जूनच्या शेवटी सही केली.

योगायोग असा, की त्याच महिन्यात, १८ जून २०२४ ला, भारतात १८९८ चा टपाल कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा अमलात आला. घरच्या फोनवर भावाने सांगितलं म्हणून मी तो चाळला. तिकडे सेवांचे दर ठरवण्याचे अधिकार टपाल खात्याच्या महासंचालकांकडे आहेत, मध्ये दुसरी संस्था नाही. दोन्ही व्यवस्था शेजारी ठेवल्यावर मला इथल्या कमिशनचं वेगळेपण जास्त जाणवलं. इथे पाच आयुक्त असतात. राष्ट्राध्यक्ष त्यांना नेमतात, सिनेट मान्यता देते, मुदत सहा वर्षांची, आणि एका पक्षाचे तीनापेक्षा जास्त असू शकत नाहीत. टपाल सेवेचा कारभार ते चालवत नाहीत, पण दर कायद्यात बसतात की नाही ते बघतात.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात टपाल सेवेने अर्ज दाखल केला. कायद्याने अशा कराराचा दर लागू होण्याच्या किमान १५ दिवस आधी कमिशनकडे द्यावा लागतो. प्रकरणाला दोन क्रमांक पडले, एक 'एमसी' अक्षरांचा आणि एक 'सीपी' अक्षरांचा. पहिला सेवांच्या यादीत नवी भर घालण्यासाठी, दुसरा दरांसाठी. मी संकेतस्थळावर जाऊन पाहिलं. टपाल सेवेच्या गव्हर्नरांचा, म्हणजे तिच्या नियामक मंडळातल्या सदस्यांचा, निर्णय, करार, यादीतला प्रस्तावित बदल, हा बदल का योग्य आहे याचं निवेदन, दर कायद्यात बसतात असं वित्त विभागातल्या अधिकाऱ्याने सही करून दिलेलं प्रमाणपत्र, आणि काही मजकूर गोपनीय ठेवण्यासाठीचा अर्ज. शेवटच्या अर्जात प्रत्येक काळ्या पट्टीचं कारण द्यावं लागतं: हे उघड झालं तर कुणाचं, कसं नुकसान होईल. साधारण दहा वर्षं तो मजकूर झाकलेला राहतो.

आमचा करार काळ्या पट्ट्यांनी भरलेला होता. आमचं नाव काळं, सही काळी, आकडे काळे. दर आठवड्याला ज्या खोक्यांना मी हात लावते त्यांची मापंसुद्धा काळी. मथळ्यावर नुसतं 'प्रायॉरिटी मेल आणि ग्राउंड अ‍ॅडव्हान्टेज करार' आणि पुढे एक अनुक्रमांक. त्या क्रमांकाखाली आम्ही होतो.

त्यानंतरचा रविवार १४ जुलै, आषाढीच्या तीन दिवस आधीचा. आमच्या इमारतीत एक मावशी राहतात, पुण्याच्या शाळेतून निवृत्त होऊन लेकाकडे आलेल्या. त्यांची बहीण ओहायोत असते. बहिणीला आता ऐकू येत नाही, म्हणून फोनचा उपयोग नाही, आणि मावशी दर आठवड्याला तिला कागदावर पत्र लिहितात. टाकतात मात्र स्वतः जाऊन, काठी घेऊन, कोपऱ्यावरच्या निळ्या पेटीत. त्या दिवसापासून पत्राचं तिकीट ६८ सेंटांचं ७३ सेंट झालं होतं. साबुदाणा आणि भगर द्यायला मी त्यांच्याकडे गेले, आणि बोलता बोलता मोठ्या उत्साहाने आमच्या कराराचं सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझं तिकीट पाच सेंटांनी वाढलं आणि तुमच्या अण्णांना सूट मिळाली. म्हणजे तुमची सूट माझ्या तिकिटातून जाते का गं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या टोचून बोलत नव्हत्या, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं, कारण मी पाच महिने फक्त आमच्या बिलाचा विचार केला होता.

त्या रात्री मी कायदा काढून वाचला. डिसेंबर २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सही केलेल्या टपाल सुधारणा कायद्याने टपाल सेवेच्या कामाचे दोन भाग केले. एका भागात पत्रं, जिथे टपाल सेवेला जवळजवळ प्रतिस्पर्धीच नाही. तिथले दर वाढवण्यावर मर्यादा आहे, आणि कमिशनने २०२० च्या शेवटी काही ठरावीक कारणांसाठी ती सैल केली आहे. दुसऱ्या भागात पार्सलं, जिथे खाजगी कंपन्यांशी स्पर्धा आहे आणि टपाल सेवेला दर ठरवायला बरीच मोकळीक आहे. मोकळीक दिली, पण तीन अटी घालून. पत्रांच्या पैशातून पार्सलांचा तोटा भरायचा नाही. स्पर्धेतल्या प्रत्येक सेवेने स्वतःमुळे होणारा खर्च स्वतः भरून काढायचा. आणि या सगळ्या सेवांनी मिळून टपाल सेवेच्या सामाईक खर्चाचा, म्हणजे कुठल्याच एका पार्सलाच्या नावावर न टाकता येणाऱ्या खर्चाचा, योग्य वाटा उचलायचा. हा वाटा २००७ मध्ये ५.५ टक्के ठरवला होता. २०१९ पासून तो दरवर्षी सूत्राने काढायचं ठरलं, आणि त्या सूत्रावरून न्यायालयात वादही झाला.

यातली दुसरी अट वाचताना मला कमिशन का लागतं ते लख्ख कळलं. आमचा करार कायद्याच्या नजरेत सवलत नसून एक स्वतंत्र 'सेवा' होता. म्हणून तर तो यादीत घालायचा अर्ज. बाकीच्या करारांच्या ढिगात आमचा तोटा दुसऱ्याच्या नफ्याखाली लपवता येत नाही. आमच्या डब्यांच्या खोक्यांनी आपापला खर्च आपण भरायचा: न्यू जर्सीत उचलण्यापासून टेक्सासमधल्या कुणाच्या दारात ठेवण्यापर्यंत. तो भरत नसेल तर तो मावशींच्या पाकिटावर पडेल, आणि तसं होऊ नये एवढ्यासाठीच ही पाच माणसं बसलेली आहेत. माझ्या चुकलेल्या तेराव्या इंचाचा मग मला वेगळाच धसका बसला. तक्त्यात खोका १२ चा आणि प्रत्यक्षात १३ चा असता, तर त्या खोट्या मापावर हिशोब मांडला गेला असता, आणि जागा व्यापणारा जास्तीचा पुठ्ठा कुणाच्या तरी खर्चाने देशभर फिरला असता.

दुसऱ्या दिवशी अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "२०१८ मध्ये ट्रम्प म्हणत होते, टपालवाले अ‍ॅमेझॉनच्या पार्सलांत तोटा खातात. तेच ना हे?" तेच. तेव्हा एप्रिलमध्ये अभ्यासगट नेमला गेला आणि डिसेंबरमध्ये त्याचा अहवाल आला. खर्च मोजण्याच्या पद्धतीवर यूपीएस या खाजगी पार्सल कंपनीचा आक्षेप जुना आहे आणि तो त्यांनी न्यायालयात नेला होता. २०१८ मध्ये न्यायालयाने कमिशनची पद्धत उचलून धरली. कुठला खर्च पार्सलाचा आणि कुठला सगळ्यांचा, याची रेघ कुठे ओढायची यावर भल्याभल्यांचं एकमत नाही. पण रेघ ओढावी लागते, आणि ती गिऱ्हाइकाच्या किंवा विक्री विभागाच्या हातात नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

कमिशनने नोटीस काढली. ती फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी राजपत्रात, 'नवीन टपाल सेवा' या मथळ्याखाली छापून आली. कुणालाही हरकत किंवा मत कळवायला काही दिवसांची मुदत. त्याच नोटिशीत कमिशनने एक 'पब्लिक रिप्रेझेंटेटिव्ह' नेमला. सर्वसामान्य जनतेची बाजू मांडणारा हा कमिशनमधलाच अधिकारी असतो, आणि असा माणूस नेमावा हे कायद्यातच लिहिलं आहे. काळ्या पट्ट्यांखालचं त्याला सगळं दिसतं. मी मनात म्हटलं, हा मावशींचा माणूस.

मुदतीच्या मध्यावर कमिशनच्या अध्यक्षांच्या नावाने माहिती मागवणारं एक पत्र निघालं. टपाल सेवेने दिलेल्या हिशोबाच्या तक्त्यांबद्दल खुलासा मागितला होता. त्याचं उघडं पान मी दहा वेळा वाचलं असेल. एक प्रश्न पट्ट्यांसकट होता, दुसरा बंद पाकिटात. आमच्याबद्दल आहे की नुसत्या बेरजेबद्दल, काही कळायला मार्ग नव्हता. माझ्या डोक्यात खोकीच होती. मुकादम बाईंना घेऊन मी पुन्हा गोदामात गेले आणि डब्यांचे भरलेले वीस खोके मोजले. अठरा नीट निघाले. दोघांचा एक पृष्ठभाग फुगून सव्वाबारापर्यंत गेला होता, अजून बारातच मोजला जाईल असा, पण काठावर. त्या दिवसापासून वरचा डबा उलटा ठेवायचा नियम केला, आणि फुगवटा गेला. टपाल सेवेचं उत्तर चार-पाच दिवसांत दाखल झालं, आणि पुढे काहीच विचारलं गेलं नाही.

वाट बघण्याच्या त्या दिवसांत मी जुन्या प्रकरणांत शिरले. असा पहिला करार कॅपिटल वन या क्रेडिट कार्ड कंपनीचा. सप्टेंबर २००२ मध्ये अर्ज, मे २००३ मध्ये कमिशनची शिफारस. तेव्हा तिचं नाव पोस्टल रेट कमिशन होतं. तो पार्सलांचा नव्हता, पत्रांचा होता. कंपनी कोट्यवधी जाहिरातपत्रं पाठवायची. पत्ता चुकल्यामुळे परत येणारी पत्रं टपाल सेवेने प्रत्यक्ष परत आणायची नाहीत, त्यांची माहिती संगणकावरून द्यायची, आणि वाचलेल्या खर्चाच्या बदल्यात सूट द्यायची, असा सौदा. सूट वाचलेल्या खर्चापलीकडे जाऊ नये म्हणून कमिशनने तिला सुमारे चार कोटी डॉलरची कमाल मर्यादा घातली. त्या एका करारासाठी साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या, आठ महिने गेले. आमच्यासारख्यांचं काम आज काही आठवड्यांत होतं ते २००६ च्या कायद्यामुळे. आणि तरी प्रश्न तोच राहिला आहे: ही सूट कुणाच्या खिशातून?

मुदतीच्या शेवटच्या दिवशी पब्लिक रिप्रेझेंटेटिव्हचं निवेदन आलं. दोन-तीन पानांचं, कोरडं. बंद पाकिटातले तक्ते तपासले, पहिल्या वर्षात या कराराचं उत्पन्न खर्चाच्या वर राहील असं दिसतं, तिन्ही अटी पाळल्या जातील असं वाटतं. दुसऱ्या कुणीही मत नोंदवलं नव्हतं. ते निवेदन वाचून मला जो आनंद झाला तो दराच्या मसुद्याने झाला नव्हता. दर ठरवताना दोन्हीकडे आपापला फायदा बघणारी माणसं होती. हा मात्र आम्हाला ओळखत नव्हता, आमचं त्याच्याशी काही देणं-घेणं नव्हतं, त्याने आमचे आकडे मावशींच्या बाजूने तपासले आणि ठीक आहेत म्हणाला.

जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी आदेश आला. तेव्हा मायकेल कुबायंदा कमिशनचे अध्यक्ष होते. पानं सात-आठ. अर्ज काय, कुणी काय म्हटलं, कायदा काय सांगतो, आणि शेवटी: हा करार स्पर्धात्मक सेवांच्या यादीत घातला जात आहे. करार मुदतीआधी संपला तर लगेच कळवावं, असंही एक वाक्य. शनिवार-रविवार मोजायचे नाहीत, म्हणून सोमवार एक आणि मंगळवार दोन. मंगळवारी सकाळी पहिली खेप नव्या दराने निघाली. टपालाची गाडी आली, चालकाने दिवसभराच्या पार्सलांच्या यादीचा बारकोड स्कॅन केला, माल भरला आणि तो गेला. अण्णांनी मुकादम बाईंना आणि मला पेढे दिले. सव्वाअकरा इंची खोक्यांची थप्पी भिंतीला लागून उभी होती.

त्या रविवारी मी आदेश आणि काळ्या पट्ट्यांचा करार छापून मावशींकडे नेला. कायद्याच्या कलम ३६३३ मधल्या त्या तिन्ही अटी मराठीत लिहून सोबत जोडल्या होत्या. मावशींनी चष्मा लावून आधी अटी वाचल्या, मग आदेश, मग कराराची पानं उलटली. एका मोठ्या काळ्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे काय?"

"आमचे दर."

"मग हे मला कधीच दिसणार नाही?"

"दहा वर्षं तरी नाही. पण तुमच्या वतीने एकाने ते पाहिलेत." निवेदनाचं पान मी पुढे केलं.

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग शिक्षिकेला शोभेल असा पुढचा प्रश्न आला: "हा म्हणतो, पहिल्या वर्षात खर्च निघेल असं दिसतं. दिसतं, ठीक. निघाला की नाही ते कोण बघतं?"

ते मात्र मला माहीत होतं. टपाल सेवेचं आर्थिक वर्ष सप्टेंबरअखेर संपतं. डिसेंबरच्या शेवटी ती वर्षभराचा हिशोब कमिशनला देते आणि मार्चच्या शेवटी कमिशन निर्णय जाहीर करतं. त्यात अशा करारांनी प्रत्यक्षात खर्च भरून काढला का, हे तपासलेलं असतं. मागच्या अहवालांत काही करार तसे न भरल्याची नोंद मी स्वतः वाचली होती, आणि तसं त्यांना सांगितलंही.

मावशी उठल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं होतं, पण ते डिसेंबरलाच संपत होतं. म्हणून त्यांनी वहीचं मागचं पान काढलं आणि शाळेतल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'मार्चअखेर. अण्णांचा करार. विचारणे.' मग बहिणीचं पाकीट माझ्या हातात दिलं, कारण मी त्या पेटीवरूनच जाणार होते.